मधल्या दाराची खोली

काकी मंगळवारी सकाळी गेल्या. मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या घरून फोन आलाय." मी खडू ठेवला आणि निघाले. पोचले तेव्हा ओटीवर बायका बसल्या होत्या. काकींचा मुलगा विलासदादा पनवेलहून निघाला होता. आत काकींच्या उशाशी सुरेखा बसली होती.

"तुमच्या घरून" हे शिपायाचे शब्द. कडावमध्ये माझं घर नाही. मी काकींची भाडेकरू, आणि सुरेखाही भाडेकरूच. पण शिपायाने असं म्हटलं आणि मीही ते ऐकून तशीच उठले. वाटेत ते मनात आलं नाही. आता हे लिहायला बसल्यावर आलं.

काकींचं नाव अनसूया. ते नाव मी फक्त रेशनकार्डावर वाचलं. गावाला त्या काकी होत्या, त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्यांनासुद्धा. त्यांचे यजमान खोपोलीच्या एका कारखान्यात होते. नोकरी संपल्यावर त्यांनी घराला लागून चार खोल्यांची ओळ बांधली. मागे भाताची खाचरं, पुढे रस्ता. चारपैकी पहिली खोली घराला चिकटून होती आणि दोन्हींच्या मध्ये एक दार होतं. लग्न झाल्यावर विलासदादा तिथे राहील असा विचार होता. तो पनवेलला गेला. दार राहिलं. त्याला दोन्ही अंगांनी कडी होती, त्यामुळे ते उघडायचं तर दोन्हीकडच्या माणसांनी उघडावं लागे.

"खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी काकींनी कधी लावली नाही. खोली रिकामी झाली की त्या गिरणीवाल्याला सांगायच्या, आणि गिरणीवाला दळणाला आलेल्यांपैकी ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांगायचा. काकींचं म्हणणं, दळण होईस्तोवर माणूस कसा उभा राहतो ते त्याला रोज दिसतं. विलासदादाने एकदा आईच्या नंबरासकट मोबाइलवर जाहिरात टाकली. दिवसभर फोन वाजत राहिला. पलीकडचा माणूस भाडं विचारी, पाणी किती वेळ येतं विचारी, गाडी लावायला जागा आहे का विचारी. काकी प्रत्येकाला एकच सांगत.

"खोली हाय. तुमी आता कुठं राहता?"

"ते कशाला, मावशी?"

"मी येते ना बघायला."

"आम्ही येतो की खोली बघायला."

"तुमी नंतर. आदी मी."

बहुतेक फोन तिथेच बंद होत. संध्याकाळी त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "हे काय ते काढून टाक बाई यातनं."

ही त्यांची रीत होती. खोली मागायला येणाऱ्या माणसाला त्या पाणी देत, चहा देत, खोली दाखवत नसत. तो जे घर सोडणार असेल ते आधी स्वतः जाऊन बघत. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर, असतील तिथे जात. एसटीने, नाहीतर टेंपोत पुढे बसून. "येताना समदीच हात जोडून येतात गं," त्या म्हणायच्या. "जाताना बघावा मानूस. सामान बांधलेलं असतं, मन पुढं गेलेलं असतं, तवा तो भिंतीशी कसा वागतो ते बघावं."

मी तेव्हा खोपोलीत एका खोलीत राहत होते. कडावच्या शाळेत बदली झाली म्हणून खोली शोधत आले. पुढच्या रविवारी काकी माझ्या दारात उभ्या. मी पुस्तकं खोक्यांत भरत होते. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. मोरीत गेल्या, खिडकीच्या कठड्यावरून हात फिरवला. भिंतीतले खिळे मी काढले होते आणि भोकं चुन्याने बुजवली होती. त्यातल्या एका भोकावर त्यांनी बोट टेकलं. मग बाहेर जाऊन माझ्या शेजारणीजवळ बसल्या. ती तांदूळ निवडत होती. काकींनीही सुपात हात घातला आणि खडे काढता काढता विचारलं, "ही बाई गेली की तुला चुकल्याचुकल्यासारखं होईल का गं?"

शेजारीण विचारात पडली. तिची माझी बोलाचाली फारशी नव्हती. ती म्हणाली, "तशा त्या बोलत नाहीत जास्त. पण त्यांच्या खोलीत दिवा लागला की मला वाटतं, चला, आता कुकर लावायला हवा."

"बास," काकी म्हणाल्या. आणि मला, "कधी येतेस मग?"

पुढे बऱ्याच वर्षांनी मी विचारलं, तेव्हा माझ्यात काय पाहिलंत. "काय नाय," काकी म्हणाल्या. "बोलत नाय म्हंजे भांडनार पन नाय, म्हटलं."

त्यांनी नकार दिलेली माणसंही मला आठवतात. कळंबच्या बाजूला सुट्टीत येणाऱ्या लोकांसाठी रिसॉर्टं झाली आहेत. तिथला एक सुपरवायझर मिठाईचा पुडा घेऊन आला होता. गोड बोलणारा, नीटनेटका. विलासदादाला पसंत पडला. काकी त्याचं आधीचं घर बघून आल्या आणि पुडा त्याच्या हातात परत दिला.

"काय झालं, आई?" विलासदादा वैतागला. "घाण होती का घरात?"

"घान नव्हती."

"मग?"

"बल्ब काढून नेला, होल्डर काढून नेला. ते राहू दे, त्याचंच असंल. पन परसात कढीपत्ता होता, तो उपटून टाकलेला. न्यायला नाय रं, मुळं वर करून तिथंच टाकलेला. शेजारनीला मिळू नये म्हनून."

विलासदादा हसला. "तू भाडेकरू बघतेस का जावई?"

"जावई बघितला असता तर लेक गेली असती दुसरीकडं. हा तर माज्याच दारात येनार."

काकींना मुलगी नव्हती. ते वाक्य त्यांनी सहज म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

यजमान होते तोवर मधल्या दाराच्या खोलीत भाताच्या गोणी असायच्या. ती खोली काकींनी कुणाला दिली नव्हती. यजमान गेले आणि प्रश्न उभा राहिला. विलासदादाला आई एकटी राहायला नको होती. काकींना पनवेलला जायचं नव्हतं. एकदा दोन महिने जाऊन आल्या होत्या. "तिथं खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसते," एवढंच त्या सांगायच्या. पण मला माहीत होतं की तिथून परतल्यावर पहिले काही दिवस त्या घरभर फिरत होत्या, चुलीपासून गोठ्यापर्यंत, हात लावत. त्यांना याच घरात राहायचं होतं आणि याच घरात मरायचं होतं. हे त्या उघड बोलत, जेवणाबद्दल बोलावं तसं. विलासदादाने तोड काढली. मधल्या दाराच्या खोलीत भरवशाचं माणूस ठेवायचं. हाक मारली तर दार उघडून येईल असं.

त्या खोलीत मी जाते, असं मी सुचवलं होतं. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं. "नको गं. तुला हाक मारली तर तू पुस्तकातनं वर येईस्तोवर मी गेलेली असेन." शिवाय मी दिवसभर शाळेत, आणि सुट्ट्या लागल्या की साताऱ्याला आईकडे. त्यांचं खरंच होतं. मी शेवटच्या खोलीत राहिले.

पतपेढीत नोकरीला असलेला एक तरुण आणि त्याची बायको खालापूरला राहत होती. त्यांचं घर बघायला काकींबरोबर मी गेले होते. असं सोडलेलं घर मी अजून दुसरं पाहिलं नाही. ओटा घासून पांढरा केलेला. खिडकीच्या गजांवर धूळ नाही. केरसुणीसुद्धा धुऊन उलटी वाळत ठेवलेली. काकी दारातच थांबल्या, चप्पल काढून आत जायला त्यांना संकोच वाटला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "फार चांगली माणसं. आवाज नाही, कुणाच्या अध्यात मध्यात नाही. राहतात हेच कळत नव्हतं." काकींनी मान हलवली. चुकल्याचुकल्यासारखं होईल का, हा शेजारणीला विचारायचा आपला नेहमीचा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारलाच नाही. ते माझ्याही लक्षात आलं नाही. ते घर बघून विचारायचं काही राहिलं असं वाटलं नव्हतं.

ती दोघं आली आणि खरोखरच चांगली राहिली. भाडं वेळेवर, अंगण झाडलेलं, बोलणं अदबीचं. मधल्या दाराची त्यांच्या अंगाची कडी नेहमी लावलेली असे. काकींनी एकदा म्हटलंही, "दिवसा उघडी ठेवलीत तरी चालंल." बायको म्हणाली, "नको काकी, उगाच तुम्हाला त्रास."

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला होते. काकी सकाळी मोरीत घसरून पडल्या. मनगट मोडलं आणि उठता येईना. तांब्या हाताशी होता. त्याने त्या मधल्या भिंतीवर ठोकत राहिल्या. हाका मारल्या. शेवटी दूध घालणारी आली, तिने खिडकीतून पाहिलं आणि लोक जमवले. लोक आले तेव्हा पलीकडच्या खोलीत ती मुलगी घरातच होती. तिने ठोकणं ऐकलं होतं. हाकही ऐकली होती.

"मला वाटलं, त्यांचं काहीतरी घरगुती चाललंय," ती म्हणाली. ती रडत होती. "आपण कसं शिरायचं दुसऱ्याच्या घरात?"

तिला कोणी दुष्ट म्हणू शकलं नाही. काकी तर नाहीच. काही दिवसांनी ती दोघं स्वतःहून खोली सोडून गेली. जाताना खोली अशी ठेवून गेली की चुना नवा लावल्यासारखी. काकी प्लास्टरमधला हात छातीशी धरून रिकाम्या खोलीत उभ्या होत्या. मी मागे होते.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी परत बघायला आले असते, तर परत हो म्हनले असते."

विलासदादा या वेळी हसत नव्हता. तो वाईट मुलगा नाही. त्याला रात्री झोप लागत नसे, असं त्याची बायको मला म्हणाली होती. तो ओटीवर बसला आणि शब्द मोजून बोलला. "आई, होळीपर्यंत थांबतो. तोवर त्या खोलीत भरवशाचं माणूस आलं तर ठीक. नाय तर मी टेंपो घेऊन येतो. मग रडायचं नाय."

"कोन रडतंय?" काकी म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात मी काकींना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. माणसं येत होती. काकी त्यांची घरं बघायला जात होत्या, बहुतेक वेळा मी बरोबर असे. कर्जतला एक घर, खोपोलीला दोन. पण त्या आत जाऊन उभ्या राहायच्या आणि नुसत्याच उभ्या राहायच्या. भिंतीला हात लावत नसत. शेजारणीला काही विचारत नसत. खोपोलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत असताना त्या म्हणाल्या, "आता मला बघून कायच कळत नाय गं. स्वच्छ दिसलं की भीती वाटते, घान दिसली की भीती वाटते."  मी त्यांची पिशवी माझ्याकडे घेतली. तीही त्यांनी दिली, एरवी देत नसत.

सुरेखाला गिरणीवाल्यानेच पाठवलं. ती कोंडाणे गावाच्या वर डोंगरात असलेल्या एका ठाकूरवाडीतली, ठाकर आदिवासी. बारावी झालेली. कडावच्या दूध संकलन केंद्रात तिला काम मिळालं होतं. येणाऱ्या दुधाचं फॅट तपासायचं. ते काम पहाटे सुरू होतं आणि वाडीतून उतरून पहिला टेंपो धरला तरी ती वेळेवर पोचत नव्हती. मालकाने सांगितलं होतं, जवळ खोली बघ, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. ती गावभर फिरली होती. सगळीकडे खोली होती आणि गाव विचारल्यावर ती "आत्ताच गेली" होती. हे तिने काकींना आल्या आल्या सांगून टाकलं, तक्रार म्हणून नव्हे, दोघींचा वेळ वाचावा म्हणून.

"मी ठाकराची आहे. चालत नसेल तर आत्ता सांगा. मला चार वाजता टेंपो आहे."

काकींनी सवयीने विचारलं, "आता कुठं राहतेस?"

"घरी."

"कुनाच्या?"

"आमच्या."

"मग सोडतेस कशाला?"

"सोडत नाही. शनिवारी दुपारी जाईन, सोमवारी येईन. सणाला जाईन. लावणीला जाईन."

 काकींनी आयुष्यभर सोडून आलेली माणसं तपासली होती. ही काही सोडतच नव्हती. शेवटी म्हणाल्या, "मी येते तरी बघायला."

सुरेखाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. "चढ आहे."

"असू दे."

शेजारच्या मंदाताई कुंपणापाशी सगळं ऐकत होत्या. सुरेखा गेल्यावर लगेच आल्या. "काकी, वाडीवरची पोर? आनि ती पन मधल्या दाराची खोली? तुमच्या घरात दार उघडतंय ते."

"दार उघडाया पायजे म्हनूनच तर शोधतेय गं," काकी म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बसलेला होता. मंदाताईंनी जे म्हटलं ते त्यांच्याही मनात होतं. त्या काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या. वाडीवरच्या बायका रानभाजी घेऊन आल्या की काकी त्यांना ओटीवर बसवत, आत नाही. हे मी पाहत आले होते.

आम्ही रविवारी गेलो. पायथ्यापर्यंत रिक्षा, पुढे पायवाट. काकी काठी टेकत, थांबत चढल्या. प्रत्येक वेळी थांबताना "मी दमले नाय, बघतेय" असं सांगत. वाडीत सुरेखाचं घर कुडाचं होतं, सारवलेलं. अंगणात तिचा बाप दोरी वळत होता आणि समोरच्या घराच्या ओट्यावर एक बाई वाल सोलत बसली होती. आम्ही तिच्याजवळच बसलो. घरात जाऊन काही बघावं असं काकींनी केलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी त्या बाईला विचारलं, "ही सुरेखा गेली की तुला चुकल्याचुकल्यासारखं होईल का गं?"

बाईला प्रश्नच कळला नाही. "कुठं जाते ती?" तिने विचारलं.

मग ती काकींना आपल्या गुडघ्याचं सांगू लागली. कुठल्या पाल्याने उतार पडला, कुठल्याने नाही. तेवढ्यात सुरेखाच्या घरातून तिची आजी खोकली. हाक अशी मारली नाही. समोरची बाई बोलता बोलता उठली, अंगण ओलांडून त्या घरात गेली, आतून म्हातारीला पाणी पाजल्याचा आवाज आला, आणि ती परत येऊन बसली. गुडघ्याचं जिथे थांबलं होतं तिथून तिने पुढे सांगायला घेतलं. सुरेखा अंगणातच होती, बापही होता. ती दोघं उठली नाहीत. उठायची गरज आहे असं कुणालाच वाटलं नाही.

काकी त्या घराच्या दाराकडे बघत राहिल्या. गुडघ्याचं त्यांनी पुढे काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

निघताना त्या सुरेखाच्या बापाला म्हणाल्या, "पोरीला पाठवा. खोली देते."

बापाने दोरी खाली ठेवली. त्यांच्या बोलीत तो सुरेखाला काही म्हणाला. सुरेखाला हसू आलं. "बाबा म्हणतो, तुम्ही आमचं घर बघून गेलात. आता तो तुमचं बघायला येणार. मग ठरवू."

काकींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजवर कुणी त्यांचं घर तपासलं नव्हतं.  खाली आल्यावर म्हणाल्या, "मोरी घासून घ्यायला पायजे गं."

तो आला, बायकोला घेऊन. खोलीत फिरला, कौलांकडे पाहिलं, मधलं दार उघडून, लावून पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, म्हातारी कशी हाय?" काकी तिथेच उभ्या होत्या. मी म्हटलं, "मी इतकी वर्षं राहतेय." त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. त्याने काकींनाच विचारलं, "पोर आजारी पडली तर कोन बघंल?"

"मी बघीन," काकी म्हणाल्या.

त्याने त्यांच्या मनगटाच्या पट्टीकडे बघितलं, काठीकडे बघितलं. मग तो हसला, त्याची बायको हसली, आणि काकीही हसल्या. दिवाळीनंतर त्या पहिल्यांदाच तशा हसल्या असतील.

सुरेखा आली तरी सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. पहिले काही दिवस आपल्या अंगाची कडी काकींनीच लावून ठेवली. काकींच्या ओटीवर बसले की मला ती लागल्याचं ऐकू येई. सुरेखालाही येत असणार.  होळी जवळ येत होती आणि ज्या दारासाठी सगळी धावपळ केली ते काकींच्या बाजूने बंद होतं.  त्या वयाच्या माणसाला मी काय सांगणार, आणि त्यांना माहीत नव्हतं असंही नाही.

एके सकाळी सुरेखा केंद्रावरून परत येऊन सुकट भाजत होती. वास ओळीभर पसरला. मी ओटीवर पेपर वाचत होते. आतून काकींची शिंक आली, मग कडी सरकल्याचा आवाज, मग दारावर थाप.

"काय भाजतेस गं?"

"सुकट."

"एकटीच खातेस? मला नाय विचारायचं?"

"तुमचीच कडी होती," सुरेखा म्हणाली.

दार ढकलल्याचा आवाज आला. मग काकी म्हणाल्या, "मिरची जास्त घाल. तुमी लोक मिरची कमी घालता का?"

"आम्ही जास्तच घालतो. तुम्हाला झेपंल का बघा."

ती कडी त्यानंतर लागलेली मी ऐकली नाही.

होळीला विलासदादा आला. टेंपो आणला नव्हता. पोळी खाल्ली. सुरेखा काकींच्या हाताला तेल लावत होती ते बघितलं. मग मोरीतला नळ गळत होता तो दुरुस्त केला आणि संध्याकाळी परत गेला. जाताना मला म्हणाला, "बाई, लक्ष असू द्या." दर वेळी तो असं म्हणायचा. त्या वेळी त्याने ते सुरेखालाही म्हटलं.

त्यानंतर काकी त्या घरात बरीच वर्षं राहिल्या. सुरेखाचा बाप वाडीवरून उतरला की ओटीवर नव्हे, आत चुलीपाशी बसू लागला. हे कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मंदाताई आधी बोलल्या, मग थांबल्या, मग त्यांच्याकडेही दूध केंद्रातली एक मुलगी राहायला आली. नवी माणसं खोली बघायला येत तेव्हा काकी अजूनही विचारत, आता कुठं राहता. पण त्यांची घरं बघायला जाणं कमी झालं. पाय साथ देत नव्हते, असं त्या सांगत. मला वाटतं, त्यांचा त्या बघण्यावर पूर्वीइतका विश्वास उरला नव्हता. त्याऐवजी त्या माणसाला बसवून ठेवत, लांबलचक काहीतरी सांगत, आणि मधेच आतल्या सुरेखाला म्हणत, "पानी आन गं." मग पाणी आल्यावर समोरचा माणूस काय करतो ते बघत असाव्यात. नक्की काय बघत ते मी विचारलं नाही, आणि आता विचारता येणार नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मंगळवारी सकाळीच, शाळेला निघताना. ओटीवर ऊन आलं होतं. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय सुरेखाच्या मांडीवर. सुरेखा त्यांच्या पायाची नखं कापत होती.

"हळू गं. बोट ठेव मला."

"हलू नका मग."

"मी हलत नाय, तूच ओढतेस."

मी म्हटलं, "काकी, येते." त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं लक्ष कात्रीकडे होतं. हात तेवढा उचलला.

त्यानंतर सुरेखाने सांगितलं ते असं. नखं झाल्यावर त्या आत जाऊन पडल्या. सुरेखा आपल्या खोलीत भाकरी करत होती. काकींनी हाक मारली. मोठ्याने नाही. ती पिठाच्या हातांनी तशीच गेली. पाणी दिलं. अर्धं प्यायल्या.

विलासदादा दुपारी पोचला. बराच वेळ तो आईजवळ बसून होता. मग त्याने सुरेखाला विचारलं, "तू होतीस ना जवळ?" ती "हो" म्हणाली. 

कळंबकडचा एक माणूस ही जागा विकत मागतो आहे, असं ऐकते. विलासदादाने अजून काही ठरवलेलं नाही. तिसऱ्या खोलीत नवी माणसं आली आहेत. गिरणीवाल्यानेच पाठवली. बाकी सगळं आहे तसं आहे. काकींचं घर बंद असतं. त्याची किल्ली विलासदादाने सुरेखाकडे ठेवली आहे. शनिवारी ती वाडीवर जाते तेव्हा माझ्याकडे देऊन जाते.